हरवलेला हिरवा

बाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं ते त्यांच्या नवऱ्याने, मोजणीदारांनी, आणि तेही फसवून. "माझा चष्मा बदलायचाय, एकट्याला कंटाळा येतो, चल जरा सोबत," असं म्हणून. तिथे पोचल्यावर पुकारा झाला तो बाईंच्या नावाचा. बाई तडक उठून निघाल्या, तर मोजणीदार दारात उभे. अख्खी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेल्यामुळे भांडण न करता वाट कशी अडवायची, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"काल चित्राखाली सही केलीस, ती काळ्या रंगात केलीस ना?" त्यांनी विचारलं.

"मग?"

"ती गडद निळी आहे."

"काहीतरीच!"

"आणि गेला आठवडाभर तू एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून हिंडतेयस. मी म्हटलं, कलाकार माणूस, असेल काहीतरी."

बाईंनी खाली पायांकडे पाहिलं. त्यांना दोन्ही मोजे सारखेच दिसले. तेव्हा त्या मुकाट्याने मागे फिरल्या.

अर्ध्या शहराला त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणायचे. शाळा सुटली तरी चित्रं सुटली नाहीत, आणि चित्रांतलं गावही सुटलं नाही. जन्मभर त्यांनी एकाच गावाची चित्रं काढली: जिथे त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ते उतारावरचं गाव, खालचा ओढा, पलीकडचा डोंगर. त्यांची रीत ठरलेली होती. आधी कॅनव्हासभर पातळ गेरूचा हात फिरवायचा, म्हणजे कोरा पांढरा अंगावर येत नाही. क्षितिज खाली ठेवायचं आणि आभाळाला ऐसपैस जागा द्यायची. पायवाट अशी आत न्यायची की बघणाऱ्याचा पाय आपोआप तिच्यावर पडावा. विजेचे खांब, तारा, ट्रॅक्टर, पत्र्याच्या शेड यांना चित्रात मज्जाव. आपल्या लहानपणी जे नव्हतं ते चित्रातही नाही, असा साधा नियम.

पूर्वी त्या दर उन्हाळ्यात गावी जाऊन, शेताच्या बांधावर स्टूल टाकून रंगवायच्या. गेली सहा वर्षं मात्र घरातल्या मागच्या खोलीत बसून, जुन्या वह्यांतली रेखाटनं समोर ठेवून काम चाललं होतं. आणि या सहा वर्षांत त्यांची चित्रं हळूहळू सोनेरी होत गेली होती. संध्याकाळच्या उन्हात बुडवून काढल्यासारखी. लोकांना ती फार आवडत. ज्यांनी जन्मात गाय पाहिली नव्हती तेही चित्रासमोर उभे राहून डोळे पुसत. गॅलरीचा मालक तर हरखून गेला होता. पुढच्या प्रदर्शनासाठी त्याने पत्रिकासुद्धा छापून घेतली होती: 'स्मृतीचा सोनेरी प्रकाश'.

बाईंचं दुखणं वेगळंच होतं. सोनं त्यांनी मागितलंच नव्हतं. त्या हिरवा शोधत होत्या. घरामागच्या उतारावर वडील गुरांसाठी लसूणघास लावायचे; सकाळी दव असताना त्याचा जो हिरवा दिसे, तो त्यांना एकदा तरी नेमका पकडायचा होता. पूर्वी तो दोन-चारदा हाताला लागलाही होता. आता कितीही रंग कालवले तरी चिखलच व्हायचा. निळा रंग तर राखेसारखा मेलेला वाटे, म्हणून त्यांनी तो वापरणंच सोडलं होतं.

आणि याच्याही आत एक भीती होती, ती त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या आईला शेवटी शेवटी काही आठवत नसे. त्याची सुरुवात रंगांनीच झाली होती. हातात लाल कप धरून आई विचारायची, "माझा लाल कप कुठे ठेवलास गं?" बाईंना वाटे, आपलंही तेच सुरू झालं. आज हिरवा गेला, उद्या माणसं जातील. त्यांनी गुपचूप स्वयंपाकघरातल्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली होती. 'चमचे'. 'औषधं'. 'किल्ल्या'. नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "शिस्त म्हणून."

डॉक्टर निघाली ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. सहावीत तिला चित्रकलेत कसंबसं पास केलेलं.

"बाई, तुम्ही मला म्हणाला होतात, तुझा घोडा टेबलासारखा दिसतो," यंत्रातून त्यांच्या डोळ्यात बघत ती म्हणाली. "हनुवटी टेकवा. वर बघा. हं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चांगला मुरलाय. किती वर्षं पिवळं दिसतंय?"

"पिवळं कुठे? मला नेहमीसारखंच दिसतं."

"हळूहळू होतं ना, म्हणून कळत नाही. खिडकीची काच रोज थोडी थोडी मळली तर घरातल्यांच्या लक्षात येतं का? पाहुणा आला की तोच म्हणतो, काय हो, काच पुसत नाही का कधी! यात निळा आधी मरतो. हिरव्यातला निळा गेला की हिरवाही मातकट होतो."

बाईंनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे हे डोक्याचं नाही?"

"डोक्याचं?" डॉक्टरने यंत्र बाजूला सारलं. "नाही हो बाई. डोकं शाबूत आहे तुमचं. काच मळलीये, एवढंच."

बाईंना रडू फुटलं. डॉक्टरला वाटलं, ऑपरेशनची भीती वाटली. ती बिचारी समजूत घालू लागली, "अजिबात दुखत नाही, अर्ध्या तासात घरी." मोजणीदारांनी रुमाल पुढे केला. त्या नेमक्या कशासाठी रडतायत, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. आईचा कप, हिरवा, चिठ्ठ्या. मोजणीदार खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. घरी आल्यावर त्यांनी कोटही काढला नाही. सरळ स्वयंपाकघरात गेले आणि एकेका खणावरची चिठ्ठी नखाने सोलून काढू लागले.

"मला वाटायचं, मला चमचे सापडत नाहीत म्हणून तू लिहिलंयस," ते म्हणाले. "एवढं एकटीने डोक्यावर घेऊन फिरायचं असतं का? वेडी कुठली!"

उजवा डोळा आधी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरने पट्टी काढली, तेव्हा बाईंना पहिलं काय दिसलं तर डॉक्टरचा डगला. तो इतका पांढरा होता की त्यांनी डोळा बारीक केला. घरी आल्या, तर स्वतःचं स्वयंपाकघर ओळखीचं वाटेना. पडदे त्या सहा वर्षं बदामी समजत होत्या, ते जांभळट होते. फ्रिज पांढराशुभ्र होता. डावा डोळा झाकला की हे सगळं लख्ख, आणि उजवा झाकला की पुन्हा सगळ्यावर कोऱ्या चहाचं पाणी ओतल्यासारखं. सकाळभर त्या एकदा हा, एकदा तो डोळा झाकत घरभर फिरल्या. मोजणीदार मागे मागे. "आणि मी कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

बाईंनी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहून घेतलं. "डाव्याने बरे दिसता. उजव्याने म्हातारे झालात."

मग त्या मागच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

प्रदर्शनासाठीची सतरा चित्रं भिंतीला टेकून ओळीने उभी होती. बाईंनी डावा डोळा हाताने झाकला. ज्यांना लोक संध्याकाळचं ऊन म्हणत होते, ती चित्रं पिवळी-तपकिरी होती, जुन्या वर्तमानपत्रासारखी. डोंगर तपकिरी. ओढ्याचं पाणी तपकिरी. जिथे त्यांनी पहाट काढली होती तिथेही तपकिरीच. चित्रं वाईट नव्हती. रेघ त्यांचीच होती, हात त्यांचाच होता. पण ते गाव असं कधीच नव्हतं.

तिथे स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना छप्पर आठवलं.

गावचं घर बाईंच्या धाकट्या भावाकडे होतं. लहानपणी किडकिडीत होता म्हणून घरचे त्याला चिमण्या म्हणत. आता चिमण्याला दारातून आत येताना वाकावं लागे, तरी नाव तेच. तो गाई पाळायचा, दूध घालायचा, शेत बघायचा. आई गेल्यावर त्याने गळकी कौलं काढून घरावर पत्रे घातले. ते बघायला बाई गेल्या आणि अंगणातच, कामगारांसमोर म्हणाल्या, "काय हे राखाडी झाकण घातलंस आईच्या घरावर?"

"राखाडी? ताई, निळं आहे ते."

"रंग मला शिकवू नकोस. जन्म गेलाय माझा रंगांत."

तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण उताराकडे हात करून पुढे म्हणाल्या, "आणि लसूणघासाची काय दशा केलीस! काय औषधं मारतोस कोण जाणे. गावाचा रंगच घालवलास तू."

बाई निघाल्या तेव्हा चिमण्या एवढंच म्हणाला, "बघवत नसेल तर येऊ नकोस."

आणि बाई सहा वर्षं गेल्या नव्हत्या. सणसमारंभाला फोन व्हायचा तो मोजणीदारांमार्फत.

आताही त्यांनी मोजणीदारांनाच फोन करायला लावला. स्वतः शेजारी कान लावून उभ्या.

"आम्ही यायचं म्हणतोय," मोजणीदार म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?" पलीकडून.

"दोघं."

मग चिमण्या म्हणाला, "या की. ताईला सांगा, छप्पर अजून तेच आहे."

डॉक्टरने महिनाभराने प्रवासाला परवानगी दिली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. बसने तीन तास लागले. वाटेत बाई मनाशी काहीतरी घोकत होत्या. मोजणीदार डुलक्या घेत होते. शेवटच्या वळणावर उतार दिसला, घर दिसलं. बाईंनी मन घट्ट करून डावा डोळा झाकला.

छप्पर निळं होतं. थोडंथोडकं नाही, डोळ्यांत भरेल असं निळं. उन्हाने जरा विटलेलं, पण निळंच. आणि त्याच्या मागे, थेट ओढ्यापर्यंत, लसूणघास होता. हिरवागार. खाली काळपट, वर पोपटी, वारा आला की पानांची मागची बाजू चमकून पुन्हा मिटणारा.

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, उठा. आहे तो."

"कोण?" मोजणीदार दचकून उठले.

"हिरवा!"

चिमण्या अंगणात उभा होता, बायको त्याच्या मागे. काय बोलायचं ते बाईंनी तीन तास घोकून ठेवलं होतं, पण समोर तो ढिम्म उभा पाहून सगळं विसरल्या आणि एकदम म्हणाल्या, "चिमण्या, माझं चुकलं रे. ते निळंच आहे."

चिमण्याने त्यांच्याकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं, आणि मटकन पायरीवर बसला.

"नक्की?" तो म्हणाला.

"नक्की म्हणजे? तूच तर सांगत होतास!"

"मी सांगत होतो, पण तू नाही म्हणालीस ना! चित्रकार तू. ताई रंगात कशी चुकेल?" त्याने कपाळावर हात मारला. "सहा वर्षं मी येईल त्याला विचारतोय, बाबा, हे छप्पर कोणत्या रंगाचं? गुरांच्या डॉक्टरला विचारलं. मीटर बघायला येणाऱ्याला विचारलं. सगळे म्हणायचे निळं. मला वाटायचं, मन राखायला बोलतात."

"डोळे तपासून आले हे," त्याची बायको मागून म्हणाली. "दोनदा."

"डोळे? तू?"

"मग काय करणार! डॉक्टर म्हणाला, घारीची नजर आहे, परत येऊ नका," चिमण्या म्हणाला, आणि त्यालाच हसू आलं. मग ते थांबेना. बाईही हसू लागल्या, मध्येच रडल्या, पुन्हा हसल्या. मोजणीदारांनी सवयीने रुमाल काढला, पण यावेळी त्यांना कारण माहीत होतं.

चहा घेताना बाईंनी मोतीबिंदूची सगळी गोष्ट सांगितली. चिमण्या ऐकत होता. मग खाली बघत म्हणाला, "लाल पत्रे लगेच मिळत होते. निळ्यासाठी मी तीन आठवडे थांबलो. तुला आवडेल म्हणून. आई गेल्यावर तू यावंस असं वाटत होतं."

बाईंनी त्याच्या ताटलीत आपला पावाचा तुकडा ठेवला, तो लहान असताना ठेवायच्या तसा, आणि त्याने तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बांधावर स्टूल टाकून बसल्या. गाव बदललं होतं, यात शंका नव्हती. ओढ्यावर सिमेंटचा पूल आला होता, पलीकडे कसलंसं गोदाम होतं, आणि लसूणघासाच्या मधोमध विजेचे तीन खांब. बाईंनी सवयीने खांब वगळून रेखाटन केलं. चिमण्या दुधाचे कॅन नेता नेता मागे येऊन थांबला.

"ताई, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुझ्या चित्रातल्या गावात वीज नसते. मग माझं दूध काढायचं मशीन कशावर चालतं?"

बाईंनी वर पाहिलं. मग डावा डोळा झाकून खांबांकडे नीट पाहिलं. सकाळच्या उन्हात त्यांच्या लांब निळसर सावल्या लसूणघासावर आडव्या पडल्या होत्या, आणि त्या सावल्यांमुळेच दवातला हिरवा उठून दिसत होता. सावल्या काढल्या तर नुसतं कुरण उरलं असतं. बाईंनी रेखाटनात तिन्ही खांब घातले. मग तारा घातल्या. एका तारेवर बसलेली कावळ्यांची रांगही घातली.

चार दिवसांत त्यांनी तीन चित्रं केली. तिन्ही एका डोळ्याने. दुपारी त्या ओसरीवर झोपत, ते मेल्यासारख्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांना दिवसा झोप लागली नव्हती. भावजय दारावरून जाताना कोंबड्यांना हुसकत म्हणायची, "हळू ओरडा गं, बाई झोपल्यात."

शहरात आल्यावर गॅलरीच्या मालकाला सांगणं भाग होतं. तो ऐकून पांढराफटक पडला. बाईंच्या उजव्या डोळ्याला तोही रंग स्वच्छ दिसला.

"मोतीबिंदू?" तो म्हणाला. "बाई, मी पत्रिकेत लिहिलंय, 'काळाच्या पलीकडे पाहणारी नजर'!"

"मग आता काय करूया?"

"कोणाला सांगू नका. हात जोडतो."

"मी सांगणार," बाई म्हणाल्या. "चित्रं लावा. ती खोटी नाहीत. मला तेव्हा जे दिसत होतं तेच मी काढलं. पण ते गाव नव्हतं, माझा डोळा होता, एवढं लिहा. आणि शेजारी ही तीन लावा."

मालकाने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः आला, नव्या चित्रांसमोर बराच वेळ उभा राहिला, आणि खांबांकडे बोट दाखवून म्हणाला, "हे राहू देत." प्रदर्शनात दारापाशी एक साधा कागद लावला गेला: 'ही सतरा चित्रं मोतीबिंदू असताना काढली. ही तीन एका डोळ्याच्या ऑपरेशननंतर.'

बाईंना वाटलं होतं, लोक हसतील. लोक हसलेच, पण निघून गेले नाहीत. आधी कागद वाचायचे, मग पुन्हा पहिल्यापासून चित्रं बघायचे. एक म्हातारे गृहस्थ एक डोळा झाकून सगळ्या दालनाला वळसा घालून आले आणि बायकोला म्हणाले, "उद्याच वेळ घे डॉक्टरची." एक मध्यमवयीन स्त्री सोनेरी चित्रासमोरच थांबली. म्हणाली, "मला हेच हवं. माझं गाव मला असंच आठवतं." बाईंनी तिला समजावलं नाही. आठवणीला कुठे ऑपरेशन असतं, असं त्या नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, तेवढंच.

दुपारी चिमण्या आला, इस्त्रीच्या शर्टात, बायकोला घेऊन. नव्या चित्रासमोर उभा राहिला आणि दोन मिनिटांत त्याच्याभोवती गर्दी जमली. "हा खांब मागच्या वादळात वाकला, बघा, ताईने वाकडाच काढलाय. ही डावीकडची गाय आमची नव्हे, शेजाऱ्याची. रोज कुंपण तोडून येते. आणि इथे, या कोपऱ्याच्या पलीकडे, चित्रात नाही ती, विहीर आहे..." लोक माना पुढे काढून चित्राच्या चौकटीबाहेरची विहीर बघू लागले.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. एरवी प्रदर्शनात त्यांचे कान लोकांच्या बोलण्याकडे असत. कोण काय म्हणालं, कोणी नाक मुरडलं. आज त्यांनी बूट काढून ठेवले होते आणि पाय लांब करून त्या सफरचंद खात होत्या. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या मंगळवारची मिळाली होती. मोजणीदार शेजारी येऊन बसले.

"काय म्हणतायत लोक?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे," बाई म्हणाल्या आणि अर्धं सफरचंद त्यांच्या हातात दिलं. "चिमण्या सांगतोय ना सगळं."